डुकरानं उकरलेला बांध

आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्या सीमेला अगदी खेटून, मोनाहान काउंटीत क्लोन्स नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिणेला स्कॉट्सहाउसच्या परिसरात शेतांमधून एक लांबट उंचवटा आडवा पडलेला दिसतो. अंगावर काटेरी झुडपं, कुशीला ओलसर चर, पाठीवर गाईंच्या खुरांच्या खुणा. हाच तो ब्लॅक पिग्ज डाइक, म्हणजे काळ्या डुकराचा बांध. वय साधारण चोवीसशे वर्षं. हुद्दा: आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्राचीन अल्स्टर प्रांताचा सीमारक्षक, सध्या निवृत्त. निदान स्वतःबद्दल तो तसं समजतो, आणि आपणही पहिल्याच भेटीत त्याचा हिरमोड करू नये.

पहिल्या भेटीत हिरमोड होतो तो पाहुण्यांचाच. ‘प्राचीन सीमा-तटबंदी’ हे शब्द ऐकून माणसं बुरूज, तट, निदान एखादा दरवाजा तरी असेल अशा अपेक्षेनं येतात. इथं मातीचा वरंबा. कुठं चांगला उंच, कुठं गुडघ्याएवढा, आणि कुठं तर नुसताच गवताच्या रंगातला फरक. त्यातून स्वारीला एक वाईट खोड आहे. दोन-चार शेतं इमानेइतबारे चालायचं आणि अचानक नाहीसं व्हायचं. पुढचा तुकडा उगवतो तो मधली तळी, टेकाडं आणि दलदल ओलांडून कितीतरी लांब, कधी दुसऱ्याच काउंटीत. मोनाहान, कॅव्हन, लीट्रिम, फरमॅना, लाँगफर्ड, आर्मा अशी सगळीकडे त्याची थोडी थोडी वहिवाट आहे. सगळा सातबारा एकत्र मात्र कोणीच पाहिलेला नाही.

नावंही तो गावागणिक बदलतो. लीट्रिम-कॅव्हनच्या काही भागांत त्याला ‘वर्म डिच’ म्हणतात. तिथल्या लोकांच्या मते एक अजस्र अळी सरपटत गेली त्याची ही खूण. लाँगफर्डमध्ये लॉक गाउना आणि लॉक किनेल या दोन सरोवरांच्या मधे सुमारे 10 किलोमीटर पसरलेला तुकडा ‘डनक्ला’ या नावानं वावरतो. पूर्वेला आर्मा आणि डाउनच्या हद्दीवरचा त्याचा एक भाऊबंद ‘डेन्स कास्ट’ म्हणून ओळखला जातो. त्याचं श्रेय लोकांनी डेन्मार्कच्या दर्यावर्दींना देऊन टाकलं आहे, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि ‘मी अल्स्टरचा रखवालदार’ अशी टिमकी वाजवणाऱ्या या गृहस्थाचा लाँगफर्डचा तुकडा आज लेन्स्टर प्रांतात येतो आणि लीट्रिमचा कॉनॉटमध्ये. हे त्याच्यासमोर काढू नका. चिडतो.

जन्मकथा मात्र त्यानं जोरदार मिळवली आहे. एक पंतोजी होता. शिकवण्यापेक्षा जादूटोण्यात जास्त रमणारा. वर्गातल्या पोरांना तो मंत्रानं ससे करायचा, कुत्रे करायचा आणि एकमेकांच्या मागे पळवायचा. संध्याकाळी पोरं घरी येत ती दमून, अंगावर ओरखडे घेऊन. शेवटी एका आईला संशय आला. काहींच्या सांगण्यात आईच्या जागी बाप असतो, पण गोष्ट आईच्या हातीच जास्त शोभते. तिनं जाऊन पंतोजींची स्तुती केली, आणि तुम्हाला स्वतःला डुक्कर होता येतं का हो, असं भाबडेपणानं विचारलं. विद्येचा गर्व तो. पंतोजी डुक्कर झाले, आणि बाईनं मंत्रांची पोथी चुलीत टाकली. परतीचा रस्ता बंद झाल्यावर पिसाळलेलं काळं डुक्कर पश्चिमेच्या दिशेनं मुसंडी मारत सुटलं. वाटेतली जमीन त्यानं सुळ्यांनी अशी नांगरली की मध्ये चर पडला आणि कडेला मातीचा ढीग.

शेवट सांगणाऱ्याच्या गावाप्रमाणे बदलतो, कारण डुक्कर आपल्याच शिवारात मेलं असं प्रत्येक गावाला वाटतं. स्लायगोच्या किनाऱ्यावरचं एनिस्क्रोन हा मान हक्कानं मागतं. कथा रचणाऱ्यांच्या निरीक्षणाला मात्र दाद द्यायला हवी. डुकरानं उकरलेलं शेत ज्यानं पाहिलं आहे, त्याला या बांधाचा आडवा छेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण स्वारीला भविष्यातही जागा हवी होती. काळ्या डुकराच्या खोऱ्यात एक दिवस शेवटची घनघोर लढाई होईल आणि आयर्लंडचे शत्रू नामशेष होतील, अशी भाकितं शतकानुशतकं फिरत होती. संत कोलंबाच्या नावावर अशी बरीच भाकितं खपवली गेली आहेत. कवी येट्सच्या कानावर ती पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यानं या खोऱ्यावर कविता लिहिली. मग काय, शेणामातीतल्या बांधाला साहित्यिक प्रतिष्ठा आली. पुढे 1918 साली, महायुद्धासाठी सक्तीची सैन्यभरती होणार या धास्तीत लोक असताना, रॉस्कॉमन काउंटीतल्या किल्ट्रस्टनमध्ये काळं डुक्कर दिसल्याची आवई उठली आणि बघ्यांची रीघ लागली. बांध स्वतः तिथं नव्हताच. पण ज्याच्या नुसत्या नावानं गर्दी जमते, त्याला जागेवर हजर राहण्याची गरज काय?

त्याच्या डोक्यात खरी हवा भरली ती एका फुलपाखरंवाल्यानं. विल्यम फ्रान्सिस डी व्हिस्म केन हे मोनाहानमधल्या खानदानी घराण्यातले गृहस्थ. आयर्लंडच्या पतंग-फुलपाखरांची मोठी सूची त्यांनी 1901 साली प्रसिद्ध केली होती. पंख टाचणीनं टोचून ओळीनं लावण्याची त्यांची सवय मातीकडे वळली. काउंट्या-काउंट्यांमधून विखुरलेले तुकडे गोळा करून, मोकळ्या जागा तर्कानं भरून त्यांनी ते नकाशावर ओळीत मांडले, आणि ही प्राचीन अल्स्टरची सीमा-तटबंदी होय, असा प्रबंध 1909 मध्ये रॉयल आयरिश अकॅडमीच्या कामकाजात छापून आणला. तोवर गावोगावचा एकेक किरकोळ बांध होता. एका निबंधासरशी तो राष्ट्रीय पातळीवर गेला.

नंतर आलेले संशोधक खट निघाले. त्यांनी केनसाहेबांची ओळ तपासली आणि काही तुकडे मधूनच काढून टाकले: हा नैसर्गिक ओघळ, हा कुणाच्या तरी शेताचा जुना बांध, हा रस्ता. उरलेले तुकडे एकाच राजानं, एकाच काळात, एकाच हेतूनं घातले असतील याचीही खात्री कोणी देईना. आज बहुतेकांचा कल असा आहे की ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या वाटा राखण्यासाठी आपापला बांध घातला. म्हणजे ज्याला आपण एक व्यक्ती समजतो, ती कदाचित चार-पाच जणांची भागीदारी आहे. बांधानं यावर मौन पाळलं आहे. प्रतिष्ठितांच्या अंगी ही एक कला असते.

त्याच्या तरुणपणाचा पुरावा सापडला तो 1982 साली. स्कॉट्सहाउसजवळ एडन वॉल्श या पुरातत्त्वज्ञानं खणून पाहिलं, तेव्हा कळलं की आज लोळत पडलेला हा देह एके काळी चांगला कंबर कसून उभा होता. मातीचे दोन वरंबे, त्यांच्यामध्ये चर, आणि बाहेरच्या अंगाला लाकडी खांबांचा भक्कम मेढेकोट. त्यापुढेही चर. रेडिओकार्बन पद्धतीनं लाकडाचं वय निघालं ते इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या आरंभाचं, 390 ते 370 च्या आसपासचं. म्हणजे आपल्याकडे अशोकाचे शिलालेख कोरले जायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती, तेव्हा हा इथं पहाऱ्यावर उभा होता. आणि त्या मेढेकोटाला आग लागलेली होती. कुणी लावली, का लावली, हे विचारायला साक्षीदार उरलेला नाही. पण ज्या सीमेचं लाकूड जळतं, ती कधीतरी कुणाच्या तरी वाटेत आली होती एवढं नक्की.

आता खरा प्रश्न: हा अडवायचा तरी कोणाला? भिंत म्हणून पाहिलं तर हा अगदीच बिनकामाचा. मधे केवढाल्या मोकळ्या जागा, जिथून अख्खी फौज वाजतगाजत जाईल. पण तिथली जमीन पाहिली की स्वारीची हुशारी लक्षात येते. हिमयुग ओसरताना मागे राहिलेली शेकडो गोलसर टेकाडं, त्यांच्या सापटीत तळी, तळ्यांच्या कडेनं पाय घोट्यापर्यंत नव्हे तर कमरेपर्यंत रुतेल अशी दलदल. फौजेला अडवायचं बरंचसं काम निसर्गानं आधीच केलेलं होतं. जिथं दोन तळ्यांमधून कोरडी वाट निघते, नेमका तिथंच हा आडवा पडतो. उरलेलं काम चिखलावर सोपवून मोकळा! आळशी म्हणा किंवा काटकसरी म्हणा, पण मातीची एक पाटी त्यानं उगाच उचललेली दिसत नाही.

शिवाय त्या काळचं धन म्हणजे गुरं, आणि लढाई म्हणजे बहुधा गुरं पळवणं. चोर एकटा असेल तर चर उतरून वरंबा चढेल, खांबावरून उडी मारेल. पण मागे दोनशे हंबरणाऱ्या गाई असतील तर? एका रात्रीत गुरं हाकत सीमेपार जायचं म्हटलं तर हा बांध जिवावर येतो. गाई चरात उतरायला तयार नसतात, उतरल्या तर चढायला तयार नसतात, आणि तेवढ्यात मागून मालकाची माणसं येऊन पोचतात. बांधाचं सगळं सामर्थ्य या खोळंब्यात होतं. शत्रूला मारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो फक्त उशीर करवायचा. सरकारी कचेऱ्यांचा हा पूर्वज मानायला हरकत नाही.

गुरांच्या चोरीवर आयर्लंडचं महाकाव्यही उभं आहे. ‘टॉइन बो कूल्न्या’ची सुरुवात नवराबायकोच्या भांडणातून होते. कॉनॉटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आपापल्या मालमत्तेची बरोबरी करून पाहतात. सगळं समसमान निघतं, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा वळू जास्त. म्हणून अल्स्टरमधला कूलीचा तपकिरी वळू आणायला राणी फौज घेऊन निघते. तिला अडवतो तो एकटा कूहुलन, नदीच्या उतारांवर एकेकाशी द्वंद्व खेळत. पोवाडा कूहुलनच्या वाट्याला गेला. बांधानं पाठीवर शेकडो खुरं झेलली असतील, पण अडखळणारी गाय हा कुणा भाटाला गाण्याचा विषय वाटला नाही.

घराण्यात त्याच्याहून वजनदार एक नातेवाईक आहे: दक्षिण आर्मामधला डॉर्सी. हा ओबडधोबड रिंगणाचा, मोठाल्या वरंब्यांचा, दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या वाटेवर बसलेला. त्याच्या मेढेकोटातले ओकचे ओंडके झाडांच्या वाढीच्या वलयांवरून तपासले, तेव्हा त्यातले काही इसवी सनापूर्वी 95 च्या सुमारास तोडलेले निघाले. आणि अल्स्टरच्या राजांचं पुराणप्रसिद्ध ठाणं एवन माखा, म्हणजे आजचा नॅव्हन फोर्ट, तिथल्या 40 मीटर व्यासाच्या भव्य लाकडी वास्तूचा मधला खांबही त्याच सुमारास तोडलेला. ती वास्तू बांधली, आतून दगडांनी भरली आणि मुद्दाम पेटवून वर मातीचा ढीग केला. या थाटामाटाशी आपलं नातं आहे, असं काळ्या डुकराचा बांध सुचवत असतो. नातं असेलही. पण वयात मधे जवळजवळ तीनशे वर्षांचं अंतर आहे. एवढ्या लांबच्या नात्यात लग्नाची पत्रिकासुद्धा येत नाही.

विसाव्या शतकात त्याच्या अंगणात एक नवीन सीमा आली आणि स्वारी एकदम तरतरीत झाली. 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. अल्स्टरच्या नऊ काउंट्यांपैकी कॅव्हन, मोनाहान आणि डोनेगॉल दक्षिणेकडे, उरलेल्या सहा ब्रिटनकडे. लगेच शहाण्यांना साक्षात्कार झाला: बघा, अल्स्टर दोन हजार वर्षांपासून वेगळाच आहे, खुद्द बांधच साक्षीला आहे! बांध सुखावला. फक्त कोणी नकाशा पाहण्याची तसदी घेतली नाही. नवी रेषा बांधावरून जात नाही. तिनं काउंट्यांच्या जुन्या हद्दी जशाच्या तशा उचलल्या. त्या सरळ करण्यासाठी नेमलेल्या सीमा आयोगाचा अहवाल 1925 मध्ये गुंडाळून ठेवला गेला आणि प्रकाशित व्हायला 1969 उजाडलं.

नव्या सीमेची अक्कल बघायची असेल तर क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता धरावा. साधारण 10 किलोमीटरच्या टप्प्यात तो चार वेळा देश बदलतो. डुक्करसुद्धा इतकं वेडंवाकडं धावलं नव्हतं. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या दशकांत ब्रिटिश लष्करानं सीमेवरच्या लहान रस्त्यांवर सुरुंग लावून खड्डे पाडले, ठोकळे टाकले; आणि आसपासचे शेतकरी रविवारी ट्रॅक्टर घेऊन येत आणि ते भरून काढत. पुन्हा खड्डे, पुन्हा भराव. कोरड्या वाटेवर आडवा चर मारायचा ही विद्या बांधाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच परिसरात, स्फोटकं लावून पुन्हा वापरली जात होती. त्याला गंमत वाटली असावी की आपल्या वेळी निदान खांब तरी होते.

आणि डुकरं! कर, अनुदानं आणि दोन्ही बाजूंच्या भावांतली तफावत यामुळे सीमेवर गुरांची आणि डुकरांची तस्करी हा जणू शेतीला जोडधंदा झाला. एका वाटेनं सीमेपार नेऊन अनुदान घ्यायचं, आडवाटेनं परत आणायचं आणि तीच डुकरं पुन्हा न्यायची. दलालांच्या हिशेबात त्या डुकरांनी जगप्रवास केला असेल. एका डुकरानं एकदा धावून सीमा आखली अशी ज्या भागाची श्रद्धा, तिथंच डुकरांनी सीमेचा असा पालापाचोळा केला.

या सगळ्यातल्या रक्ताच्या बाजूवर बांध कधी विनोद करत नाही. लीट्रिमकडच्या सीमाभागातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुडावर व्हिन्सेंट वुड्सनं लिहिलेलं, पेंढ्याचे मुखवटे घातलेल्या सोंगाड्यांचं नाटक 1992 मध्ये गॉलवेच्या ड्रूइड थिएटरनं रंगमंचावर आणलं. त्याच्या नावात हा बांध आहे.

कायद्याचं संरक्षण त्याला दोन्हीकडून मिळतं, हेही त्याच्या बडेजावाचं एक कारण. प्रजासत्ताकातले तुकडे राष्ट्रीय स्मारकांच्या कायद्याखाली नोंदलेले आहेत. तिथं कुदळ लावायची तर दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. रेषेपलीकडचे तुकडे उत्तर आयर्लंडच्या 1995 च्या ऐतिहासिक स्मारकविषयक आदेशाखाली येतात. एकाच डुकराला दोन सरकारं, दोन खाती, दोन नमुन्यांचे अर्ज. पण कागदाला माती धरून ठेवता येत नाही. पाणी काढून देण्यासाठी मारलेले चर, शेत सपाट करणारी यंत्रं, घाईनं वाढणाऱ्या स्प्रूसची लागवड, गुरांचे खूर यांनी त्याचे लचके तोडले आहेत. तो टिकला तो कायद्याच्याही आधी शेतकऱ्याच्या सोयीमुळे. बऱ्याच ठिकाणी शिवाराची हद्द, शेताची हद्द त्याच्यावरूनच जाते. आयता बांध मिळत असताना नवा कोण घालणार?

आणि बांधावरून भांडणं होतातच. मोनाहानचाच कवी पॅट्रिक कॅव्हना यानं आपल्या गावातल्या दोन घराण्यांच्या हद्दीच्या वादावर कविता लिहिली. तो वाद झाला ते साल होतं म्युनिक कराराचं, आणि कवीला आधी वाटलं की जगाच्या उलथापालथीपुढे हे काय क्षुल्लक. मग त्याचं मत फिरलं. आपल्याकडे शेजाऱ्याचा बांध कोरून कोर्टात पिढ्या घालवणाऱ्यांना ही कविता समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

ब्रेक्झिटच्या वादात सीमा पुन्हा चर्चेत आली आणि कॅमेरेवाले क्लोन्सच्या बाजूला फिरकू लागले. त्यातले काही बांधाचंही दर्शन घेऊन गेले. त्यानं नेहमीप्रमाणे अर्धाच चेहरा दाखवला.

तुम्हीही जा. फक्त दोन पथ्यं पाळा. बांध खासगी शेतांत आहे, तेव्हा मालकाला आधी विचारा. तिकडचा शेतकरी बहुधा ‘हो’ म्हणतो आणि वर पंतोजीची गोष्टही सांगतो, अर्थात त्याच्या गावची. आणि आत शिरलात की मागचं फाटक आठवणीनं लावून घ्या. गाई पलीकडे गेल्या तर त्यांना परत हाकताना तुम्हाला तो चर उतरावा लागेल आणि वरंबा चढावा लागेल.